इस्पितळ कुणाला विचारून बांधले?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेल्या लिन्शोतेन या डच प्रवाशाने एक मजेशीर नोंद करून ठेवली आहे. गोव्यातले हिंदू वैद्य केवळ आपल्या लोकांनाच औषध देत नसत. खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतले पाद्रीसुद्धा पोर्तुगीज डॉक्टरांपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा टाकत. या वैद्यांना डोक्यावर छत्री धरवून रस्त्याने जायची मुभा होती. बाहेरून आलेले दूत आणि बडे व्यापारी सोडले तर ती इतर हिंदूंना नव्हती.

याच गोव्यात १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसाने हिंदू वैद्याकडे जाऊ नये असे फर्मावले होते. पुढे १६१८ मध्ये परवाना मिळणाऱ्या हिंदू वैद्यांची संख्या तीसवर बांधून टाकण्यात आली. कागदावर बंदी, आणि पोटात दुखू लागले की त्याच पंडिताला मागच्या दाराने बोलावणे, असा सगळा मामला.

त्याच्याही आधी, १५६३ साली, गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानी औषधांवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. पणजीच्या मध्यावरचे उद्यान त्याच्याच नावाचे. हा ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. त्यात मालुपा नावाचा स्थानिक वैद्य येऊन माहिती देतो, आणि अंतोनिया नावाची दासी मागितली ती झाडपाल्याची फांदी आणून हातात ठेवते. ग्रंथावर नाव अर्थातच ऑर्ताचे. तो माणूस वाईट होता असे मुळीच नाही. आपण इथल्या लोकांकडून शिकलो हे तो मोकळेपणाने सांगतो. शिवाय तो ज्यू वंशाचा होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. उतरंडीत प्रत्येकाच्या डोक्यावर कोणी ना कोणी असतेच.

‘आदिवासींच्या आरोग्यसेवेतून वसाहतवाद काढून टाकला पाहिजे’ असे वाक्य हल्ली जागतिक आरोग्याच्या चर्चेत वारंवार ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते, पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले, इंग्रज त्याआधीच गेले, आता काढायचे काय राहिले? ते वरच्या तीन परिच्छेदांत आहे. औषध कोणी द्यायचे हे वरून ठरते. ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याचे नाव मागे पडते. आणि कोणता उपचार खरा, कोणता अडाणीपणाचा, यावर शिक्का मारणारा माणूस आजारी पडणाऱ्या समाजातला नसतो. राज्यकर्ता बदलला तरी हे तिन्ही चालू राहू शकते. चालू राहिलेही.

आणि यात एक गोष्ट आपण गोवेकर सहसा बोलत नाही. छत्रीवाले वैद्य बहुधा वरच्या जातींचे, पोथी शिकलेले. डोंगरातल्या गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी लोकांचे वखद (झाडपाल्याचे औषध) देणारे, वाड्यावरची वैजीण म्हणजे सुईण, यांची नोंद ना बंदीत आहे, ना कौतुकात. पोर्तुगिजांनी ज्यांना दाबले ते दिसतात तरी. ज्यांच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही ते इतिहासातही नाहीत.

१८४२ मध्ये पणजीत ‘एस्कोला मेदिको’ सुरू झाली. आजच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची, ही पूर्वज. तिथे शिकलेल्या गोमंतकीय डॉक्टरांना खुद्द पोर्तुगालमध्ये बरोबरीचे मानले जात नसे, मात्र मोझांबिक आणि अंगोलात सरकारी डॉक्टर म्हणून त्यांना पाठवले जाई. लिस्बनच्या लेखी हे दुय्यम, आणि आफ्रिकेतल्या गावात गेले की हेच साहेब. वसाहतवादी आरोग्यसेवा चालवायला गोरी कातडी लागतेच असे नाही, हे यापेक्षा चांगले कोणते उदाहरण सांगू शकेल?

पाला विरुद्ध गोळी, असे हे भांडण नाही

सर्वांत मोठा गैरसमज आधी बाजूला करू. आरोग्यसेवा वसाहतवादातून सोडवायची म्हणजे इस्पितळे बंद करून सगळ्यांनी काढे प्यायचे, असा अर्थ कोणी गंभीर माणूस लावत नाही. सर्पदंश झाला की प्रतिविषच हवे, मंत्र नको. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तर रुग्णवाहिका हवी, आणि तीही वेळेत.

उलट सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. भारतात प्रतिविष बनवण्यासाठी लागणारे सापाचे विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ मध्ये ही संस्था उभी राहिली. साप कुठल्या बिळात असेल, मातीवरचा माग ताजा की शिळा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पूर्वी ते कातड्यासाठी साप पकडत. कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर त्याच विद्येतून विष काढून सापाला परत जंगलात सोडण्याचे काम त्यांनी हाती घेतले. म्हणजे तालुक्याच्या इस्पितळातल्या फ्रीजमध्ये असलेली ती बाटली जितकी आधुनिक विज्ञानाची, तितकीच इरुळांची.

खरा प्रश्न अधिकाराचा आहे. दवाखाना कुठे असावा, किती वाजता उघडावा, आत कोणती भाषा चालावी, पैसा कशावर खर्च व्हावा, रक्ताचा नमुना घेतला तर त्याचे पुढे काय करावे, हे कोण ठरवणार? जिथे हे सगळे दुसरेच कोणी ठरवतात, तिथे औषध कितीही चांगले असले तरी लोक उशिरा येतात, अर्धवट सोडून जातात किंवा येतच नाहीत. मग आपण म्हणतो, ‘या लोकांमध्ये जागृती नाही.’

जगात काय घडले

न्यूझीलंडमध्ये १९०७ साली खास कायदा करून तिथल्या मूळच्या माओरी समाजातल्या उपचारकांवर, म्हणजे तोहुंगांवर, बंदी आणली गेली. तो कायदा १९६२ पर्यंत पुस्तकात होता. पुढे इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने एक साधी पण उलटी मांडणी केली. रुग्णाची संस्कृती दोन धड्यांत शिकून परिचारिका ‘तज्ज्ञ’ होत नाही. तिने आधी स्वतःकडे पाहावे, आपण कोणत्या समाजातून आलो, आपल्या हातात किती सत्ता आहे, आपले कोणते ग्रह आहेत हे तपासावे. आणि सेवा सुरक्षित होती की नाही, हे ठरवण्याचा हक्क सेवा घेणाऱ्याचा. १९९२ मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेने हा विचार शिक्षणात आणला. आपल्याकडे ‘रुग्णाशी गोड बोला’ असे जे प्रशिक्षण देतात, त्याच्यापेक्षा हे फारच वेगळे. गोड बोलणाऱ्याच्या हातातही सत्ता तशीच राहते.

त्याच देशात २०२२ च्या जुलैत माओरींसाठी स्वतंत्र आरोग्य प्राधिकरण सुरू झाले. सरकार बदलले आणि २०२४ च्या जूनअखेर ते गुंडाळले गेले. दोन वर्षे. अशा गोष्टी किती कच्च्या धाग्यावर असतात ते यावरून कळावे.

कॅनडात २८ सप्टेंबर २०२० रोजी जॉयस एशाक्वान या आतिकामेक आदिवासी समाजातल्या, सात मुलांच्या आईचा क्युबेकमधल्या एका इस्पितळात मृत्यू झाला. पोटदुखीसाठी ती दाखल झाली होती. परिचारिका तिला काय काय बोलत होत्या ते तिने खाटेवरूनच फोनवर थेट प्रक्षेपित केले. ते साऱ्या देशाने ऐकले. पुढे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वंशभेदाचा त्यात वाटा होता असे स्पष्ट लिहिले. इस्पितळ होते, खाट होती, डॉक्टर होते. औषध नसणे आणि माणूस म्हणून किंमत नसणे यातले दुसरेही जीव घेते.

अमेरिकेत तर विश्वासघाताचा लेखी हिशेबच आहे. सरकारच्या लेखापाल कार्यालयाने १९७६ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, आदिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेच्या बारापैकी चारच विभागांत १९७३ ते १९७६ या काळात ३,४०६ महिलांची नसबंदी झाली होती, आणि संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी होत्या. पुढे १९९० च्या दशकात ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून विद्यापीठाला रक्त दिले. ते रक्त न विचारता मनोविकार आणि लोकांच्या स्थलांतराचा अभ्यास करायलाही वापरले गेले. खटला झाला, २०१० मध्ये तडजोड झाली, भरपाई मिळाली आणि नमुने परत आले. अशा समाजातला माणूस सुई टोचून घ्यायला कचरला, तर त्याला अंधश्रद्धा म्हणायचे की अनुभव?

जमेच्या बाजूलाही काही आहे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनाविक भागात, तिथल्या इन्युइट आदिवासींच्या गरोदर बायकांना प्रसूतीच्या आधी काही आठवडे विमानाने दक्षिणेच्या शहरात नेत. वैद्यकीयदृष्ट्या ते सुरक्षित. पण बाई परक्या शहरात एकटी, भाषा परकी, घरी लहान मुले, आणि बाळ जन्मते ते आपल्या माणसांपासून दूर. १९८६ मध्ये पुविर्नितुक गावात प्रसूतिगृह सुरू झाले आणि इन्युइट बायकांनाच सुईणीचे आधुनिक शिक्षण देण्यात आले. धोक्याच्या केसेस अजूनही दक्षिणेला जातात. बाकीची बाळंतपणे गावात परतली. कोणाला पाठवायचे आणि कोणाला ठेवायचे, हा निर्णय घेणाऱ्यांत गावातल्या सुईणी असतात.

संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिम जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या २४ व्या कलमात आपली पारंपरिक औषधे आणि उपचारपद्धती जपण्याचा, आणि त्याच वेळी भेदभावाशिवाय सर्व आरोग्यसेवा मिळण्याचा, असे दोन्ही हक्क एकत्र आहेत. हे ‘दोन्ही’ महत्त्वाचे. विरोधात मत देणारे चार देश होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. चौघांनीही नंतर भूमिका बदलली. भारताने बाजूने मत दिले, मात्र आपल्याकडचे सगळेच लोक मूळनिवासी आहेत ही सरकारची जुनी भूमिका कायम ठेवून. सगळेच मूळनिवासी म्हटले की मग कोणासाठी वेगळे काही करायला नको, ही त्यातली सोय.

गडचिरोलीची झोपडी, गुडलूरच्या परिचारिका

मराठी वाचकाला या विषयासाठी न्यूझीलंडला जायची खरे तर गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. इस्पितळ उभारण्याआधी त्यांनी गोंड लोकांना विचारले, तुमचे इस्पितळ कसे असावे? लोकांना मोठी, बंदिस्त इमारत नको होती. तिथे माणूस हरवतो, नातेवाइकांना बाहेर काढतात. म्हणून इस्पितळ गावासारखे, झोपड्यांचे झाले. रुग्णाबरोबर घरची माणसे राहतात, आणि इस्पितळाला नाव दिले ते त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. याच संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. गावातली बाई बाळाचे वजन करते, श्वास मोजते, न्यूमोनिया ओळखते, औषध देते. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून जास्त घटले होते. देशाच्या धोरणाने पुढे ही पद्धत उचलली.

गंमत पाहा. यात वापरलेले विज्ञान पूर्णपणे आधुनिक आहे. बदलले ते फक्त हात, आणि विचारण्याचा क्रम.

निलगिरीतल्या गुडलूरला १९९० पासून आदिवासींचे इस्पितळ आहे. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी सुरुवात केली, पण आदिवासी मुलींना परिचारिका म्हणून घडवले आणि कारभार हळूहळू त्यांच्या हाती दिला. आपल्याच वाड्यावरची मुलगी रक्तदाब मोजत असेल तर आजी पायऱ्या चढायला घाबरत नाही, एवढे साधे आहे ते.

ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न केरळात उभा राहिला. १९८७ च्या डिसेंबरात अगस्त्य डोंगरात गेलेल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की वाट दाखवणारे काणी आदिवासी कसलीशी फळे खातात आणि थकत नाहीत. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध बनले, आणि परवाना शुल्क व रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींना द्यायचे ठरले. १९९७ मध्ये त्यासाठी त्यांचा न्यास झाला. जगभर या कराराचे कौतुक झाले. पण पाने गोळा करायची तर जंगल वनखात्याचे, तिथे अडचण आली, आणि मोठा पैसा काही हाती आला नाही. हिस्सा देणे सोपे, हक्क देणे अवघड.

इथे कायद्याची एक बारीक मेख सांगायला हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. २०२३ मध्ये त्यात बदल झाला आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना व नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना त्यातून मोकळीक मिळाली. चरक-सुश्रुतात लिहिलेले ते ग्रंथबद्ध. वेळीप म्हाताऱ्याच्या तोंडी आहे ते? तेच झाड, तीच साल, ग्रंथात असली तर वाटा मागायचा प्रश्नच नाही. आणि तो म्हातारा स्वतः उपचार करू लागला तर त्याच्याकडे पदवी नाही. छत्रीवाल्या वैद्याला निदान परवाना तरी मिळत होता.

आता आपल्या गोव्यात

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५, म्हणजे दर दहांत एकापेक्षा थोडी जास्त. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो थेट २००३ मध्ये, मुक्तीनंतर चार दशकांनी. धनगर-गवळी समाज अजूनही दर्जासाठी भांडतो आहे. घटनेच्या पाचव्या अनुसूचीतली दहा राज्ये आहेत, त्यांत गोवा नाही. त्यामुळे आदिवासी ग्रामसभांना खास अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. वनहक्काचे हजारो दावे वर्षानुवर्षे फायलींत पडून राहिले.

गोव्याचे आरोग्याचे आकडे देशात पहिल्या रांगेत असतात. बालमृत्यूदर २०२० च्या पाहणीत हजारी ५ होता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे इस्पितळात झालेली दिसतात. हे मोठे यश आहे, आणि ते नाकारण्यात काही हशील नाही. पण छोट्या, श्रीमंत राज्याची सरासरी ही एक लबाड गोष्ट असते. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को मिळून जो आकडा तयार होतो, त्यात खोतीगावच्या जंगलातला वाडा दिसत नाही. देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या तेव्हा गोवा त्या योजनेबाहेर राहिला. सरासरीकडे पाहिले तर कोणालाही वाटेल, इथे गरज काय?

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे: गोव्यात सुमारे ३९ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. वैजीण गेली, तिच्याबरोबर बाळंतिणीला धीर देत बसणारी ओळखीची बाईही गेली. जागा भरली ती सुरीने, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण प्रसूतिकक्षात घरची एक अनुभवी बाई सोबत असावी की नसावी, हा प्रश्न वाड्यावरच्या बायकांना कधी कोणी विचारला का?

समजा, नेत्रावळीच्या वरच्या अंगाला राहणारी सत्तरीची एक वेळीप आजी आहे. साखर वाढली आहे. तपासणीसाठी ती सकाळच्या बसने सांगेला येते, तिथून कुडचडे, आणि मोठ्या तपासणीसाठी मडगावच्या जिल्हा इस्पितळात, ज्याला जुने लोक अजून हॉस्पिसियोच म्हणतात. आणखी काही निघाले तर बांबोळीचे गोमेकॉ. प्रत्येक टप्प्यावर नवी रांग, नवा कागद, आणि कागद इंग्रजीत. डॉक्टर कोकणीतच बोलतात, नाही असे नाही. पण आजी सांगते ‘पोटांत उजो पडला’, आणि केसपेपरवर उतरते एक इंग्रजी शब्द. त्या शब्दात जळजळ येते. चार दिवसांपासूनची काळजी, मुलाच्या नोकरीचा घोर, डोंगराची जमीन जाण्याची भीती, यातले काही येत नाही. आहाराचा छापील तक्ता हातात मिळतो. त्यात ओट्स आणि सफरचंद. आजीच्या घरी नाचण्याची तिजान होते, पावसात तायकिळ्याची भाजी होते, शेतात हळसांदे असतात. तक्ता करणाऱ्याने यातले एकही नाव लिहिलेले नाही. तिला वाटते, आपण खातो ते सगळे चुकीचे. दुपारची बस चुकू नये म्हणून ती गोळ्या न घेताच निघते.

यात कोणी दुष्ट नाही. डॉक्टर तरुण आहे, समोर शंभर रुग्ण आहेत, तक्ता वरून आला आहे. सरकारने २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत विम्याचे कवचही दिले आहे. पण विमा इस्पितळाच्या दारापासून पुढे चालतो, दारापर्यंत नाही.

दुसरे उदाहरण सत्तरी तालुक्याचे, आणि हे समजा-बिमजा नाही. माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडाच्या चाव्यातून विषाणू माणसात येतो. ताप, असह्य अंगदुखी, आणि काहींना रक्तस्राव. २०१५ मध्ये तो सत्तरीतल्या पाली गावात पोचला, नंतर आजूबाजूच्या गावांतही. रोगाचा जोर असतो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, आणि नेमका तोच काजूचा हंगाम. बोंडे गोळा करायला लोक पहाटेपासून रानात. त्यावरच हुर्राक, फेणी आणि वर्षभराची रोकड अवलंबून.

वरून येणारी सूचना साधारण अशी: जंगलात जाऊ नका, पूर्ण अंग झाकणारे कपडे घाला, गोचीड पळवणारे तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. शास्त्र म्हणून यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण एप्रिलच्या उकाड्यात, चढावर, अंगभर कपडे घालून दिवसभर वाकून बोंडे वेचून दाखवा कोणी. आणि ‘जंगलात जाऊ नका’ हे बाजारातल्या दुकानदाराला ‘दुकानात जाऊ नका’ सांगण्यासारखे आहे. जी लस दिली जात असे तिचा पुरेसा उपयोग होत नाही म्हणून नंतर तिचा वापरही थांबला.

याच कामाचा क्रम उलटा करून पाहा. माकडताप येतोय याची पहिली खूण म्हणजे रानात मरून पडलेली माकडे, आणि ती पहिल्यांदा दिसतात ती काजू वेचणाऱ्याला. म्हणजे रोगाचा पहारेकरी आरोग्य खात्याच्या कार्यालयात नसून बागायतीत आहे. त्याला फक्त उपदेशाचा धनी न मानता खबर देणारा, आणि त्या कामाचा मोबदला घेणारा, मानले तर? कुठल्या उतारावर गोचीड जास्त, गुरे कुठे चरतात, कुठली वाट टाळता येते, याचा नकाशा गावकऱ्यांबरोबर बसून केला तर? तेल वाटायचे ते हंगामाच्या आधी की ताप सुरू झाल्यावर, हे वेचणाऱ्या बायकांना विचारून ठरवले तर? यासाठी कुठलाही नवा शोध लागत नाही. खुर्च्या गोल मांडायला लागतात.

हरकती घेणारे म्हणतील, मग उद्या अंगात आलेल्या घाड्याला (देवऋषीला) पण इस्पितळात टेबल द्यायचे का? मुद्दा रास्त आहे. काविळीला डाग देणे, अंगावर चटके, सर्पदंशात देवळात बसवून ठेवणे, याने माणसे मेली आहेत. आदिवासी आहे म्हणून त्याचे सगळेच शहाणपण, असे म्हणणेही एक प्रकारची तुच्छताच, फक्त गोड वेष्टनातली. आपल्या आजी-आजोबांच्या प्रत्येक उपायाला आपण थोडेच मान डोलावतो? तपासणी हवीच. पण तपासणी दोन्ही बाजूंची हवी. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारे यंत्र घ्या. कोविडमध्ये घराघरांत आले. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात दिसले की ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे या यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. यंत्र बेतले गेले होते ते मुख्यतः उजळ कातडीवर. उन्हात राबणाऱ्या आपल्या लोकांची कातडी कोणत्या रंगाची असते ते सांगायला नको.

किरायत्याचा कडू काढा तापात प्यावा की नाही, यावर भांडण्यापेक्षा आधी तो प्यायला आहे हे डॉक्टरला कळणे महत्त्वाचे. ते कळत नाही, कारण सांगितले की ओरडा बसतो हे लोकांना अनुभवाने ठाऊक असते. मग दोन औषधे एकत्र पोटात जातात आणि कोणालाच पत्ता नसतो. ज्या दवाखान्यात रुग्ण काढ्याचे नाव न घाबरता घेतो, तिथे उपचारही जास्त सुरक्षित होतो.

आणि दवाखान्याबाहेरचे आरोग्य? सांगे, केपे, सत्तरीतल्या खाणींनी झरे आटवले, शेतात माती आणली. डोंगर गेला की वखदाची झाडेही जातात, आणि ती ओळखणाऱ्याला नातवाला दाखवायला काही उरत नाही. वनहक्काचा दावा निकाली निघणे हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे, हे आरोग्य खात्याच्या फायलीत बसत नाही. आकडेही तसेच. गोव्यातल्या वेळीप बायकांत रक्तक्षय किती, धनगर वाड्यांत क्षयरोग किती, हे समाजवार मोजून ते त्या समाजापुढेच आधी ठेवायची पद्धत आपण पाडलेली नाही. कॅनडातल्या आदिवासींनी १९९८ मध्येच यासाठी नियम आखले: माहितीची मालकी आमची, ताबा आमचा, पाहण्याचा हक्क आमचा, ठेवणारेही आम्हीच.

सरकारी निकषांत सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्रासाठी ५ हजारांऐवजी ३ हजार. म्हणजे अंतराचा विचार नियमात आहे. वेळेचा नाही. काजूच्या हंगामात सकाळी नऊ ते एक उघडे असलेले उपकेंद्र हे वेचणाऱ्या बाईसाठी बंद असल्यासारखेच. ते मार्च ते मे संध्याकाळी उघडावे, आहाराचा तक्ता वाड्यावरच्या बायकांनी लिहावा, आणि आरोग्य केंद्राच्या समितीवर वेळीप-गावडा बायकांच्या जागा असाव्यात. या तीन मागण्यांना नवा कायदा लागत नाही, ना दिल्लीची परवानगी. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडता येतो.